सा म्हणजे तीन

किलिसिमासी मास्तरांना गप्प बसवणं फक्त देवाला आणि त्यांच्या पेसी आत्याला जमतं, असं आमच्या बेटावर म्हणत. त्या दिवशी ते राजधानीहून आलेल्या एका बाईंनी तीन वाक्यांत करून दाखवलं.

मास्तर नाताळच्या पहाटे जन्मले, म्हणून नाव किलिसिमासी. टोंगाच्या हापाई बेटांत अशा नावाचं कुणाला हसू येत नाही. देह माडासारखा आणि आवाज त्याहून उंच. आठवड्याचे पाच दिवस ते शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये गायकवृंद चालवायचे. खरं सांगायचं तर दोन्ही कामं ते एकाच पद्धतीनं करत. वर्गात लाट समजावताना खर्ज लावायचे आणि चर्चमध्ये खर्जवाले घसरले की त्यांना लाटेचा नियम ऐकवायचे. माझी हयात रंगभूमीवर गेली. मोठमोठे नट मी जवळून पाहिले. पण नुसता उजवा हात खांद्यापर्यंत उचलून साठ माणसांचे श्वास एका जागी थांबवणारा माणूस मला या बेटावरच भेटला. हे बेट माझी सासुरवाडी. शाळेतल्या मुलांची नाटकं मी बसवायचो, म्हणून मास्तरांच्या वर्गात माझी ये-जा असायची.

त्यांची सगळी प्रयोगशाळा एका कपाटात मावायची. समुद्र इतका जवळ की खारी हवा लोखंड वर्षभरात खाऊन टाकी. म्हणून स्प्रिंगा खोबरेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून दुधाच्या पावडरीच्या डब्यात ठेवलेल्या. वजनं म्हणजे मासेमारीच्या जाळ्याची शिसं, नीट तोलून त्यांवर रंगानं आकडे घातलेली. वर्गाच्या तुळईला एक आकडा होता. त्याला स्प्रिंग लावायची, स्प्रिंगला शिसं, आणि शिसं खाली ओढून सोडून द्यायचं. मग ते खाली-वर, खाली-वर नाचत राही. मास्तर म्हणायचे, "बघा रे, तुम्ही जोरात ओढा नाहीतर हळू ओढा, एका फेरीला वेळ तेवढाच. ही बाई कुणाच्या दमदाटीला घाबरत नाही. तिला एकच भाषा कळते, किती वजन लावलंत ती."

त्या वर्षी वरून हुकूम आला. शेवटच्या वर्षाचं भौतिकशास्त्र जिथे प्रात्यक्षिक नीट होतं, तिथेच चालेल. बाकीच्या शाळांचे वर्ग बंद, मुलांनी मोठ्या बेटावर जाऊन शिकावं. ऐकायला सोपं. पण आमच्या वर्गात मुलं सात. त्यांतल्या दोघांचे नातेवाईक मोठ्या बेटावर होते, बाकीच्यांना तिथे ओटीवर टेकू देईल असं कुणी नव्हतं. वर्ग गेला की पाच जणांचं भौतिकशास्त्र संपलं, आणि मास्तरांचंही. तपासणीला येणाऱ्या बाई सांगतील तो निकाल, असं ठरलं होतं.

बाई सकाळच्या विमानानं आल्या. लोसालिने वाइपुलू त्यांचं नाव. काळा पोशाख, कमरेला झिरमिळ्यांचा विणलेला पट्टा, आणि चेहरा असा की त्यावर काही लिहिलं असेल तर वाचणाऱ्यानंच घाबरावं. गावातल्या बायकांनी पहाटेपासून भुईभट्टी लावली होती. अळूच्या पानांत नारळाच्या दुधासकट बांधलेलं मांस, सुरण, रताळी. वास पार शाळेच्या दारापर्यंत. बाईंनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"जेवण नंतर," त्या म्हणाल्या. "आधी काम."

खिडकीत पेसी आत्या बसलेल्या. बापाची बहीण म्हणजे आमच्याकडे घरातली सगळ्यात वरची व्यक्ती, तिच्यापुढे मास्तरांसारखा माणूसही खाली मान घालतो. आत्या म्हणाल्या, "बाई, रिकाम्या पोटी केलेला न्याय आंबट असतो हो."

"आणि भरल्या पोटी केलेला पेंगतो, आत्याबाई."

खिडकीबाहेरचे पालक खुदकन हसले आणि लगेच गप्प झाले. बाई हसल्या नव्हत्या.

मग त्या मास्तरांकडे वळल्या. "मास्तर, तुमचं शिकवणं मला ऐकायचं नाही. मुलांना काय आलंय ते बघायचंय. आता निकाल देईपर्यंत तुमच्या तोंडून एक शब्द आला, तर मी तशीच विमानाला जाईन."

मास्तर भिंतीला टेकून उभे राहिले.

बाईंनी वर्गावर नजर फिरवली. सगळ्यात उंच पोराच्या पाठीमागे एक मुलगी जवळजवळ अदृश्य झाली होती. "तू. लपलीस ती. काय नाव?"

"सेनेती."

सेनेतीची आई चटया विणायची. मोठ्या बेटावर त्यांचं काळं कुत्रं नव्हतं. मुलगी वर्गात हुशार आणि गायकवृंदात मधल्या सुरांचा खांब. मास्तर तिच्या भरवशावर निम्मी गाणी रचायचे. पण चारचौघांत एकटीनं बोलायचं म्हटलं की तिच्या घशाला गाठ पडे. माझ्या नाटकात मी तिला दोनदा झाडाची भूमिका दिली होती आणि दोन्ही वेळा तिनं माझे मनापासून आभार मानले होते.

ती पुढे आली. स्प्रिंग आकड्याला लावली. शिसं लटकवलं. किती ताणली गेली ते पट्टीनं मोजलं, वीतभराहून थोडं जास्त. फळ्यावर गणित मांडलं. गणित सरळ उतरलं. एका फेरीला एक सेकंद. दहा फेऱ्यांना दहा सेकंद.

"हे झालं तुझं भाकीत," बाई म्हणाल्या. "आता स्प्रिंगला विचार."

सेनेतीनं डाव्या हातात थांबवायचं घड्याळ घेतलं, उजव्या हातानं शिसं खाली ओढलं. वर्गात, खिडक्यांत, दारात सगळं गाव दाटलेलं. त्यातले निम्मे रविवारी एकत्र गाणारे. तिची नजर वर गेली आणि समोर भिंतीशी उभ्या मास्तरांवर खिळली.

मास्तरांचा उजवा हात वर आला.

त्यांना ते कळलंही नसावं. समोर त्यांची गाणारी मुलगी, तिच्या चेहऱ्यावर सुरुवात कुठून करू असं विचारणारे डोळे, भोवती सगळा वृंद. तीस वर्षं अशा क्षणी तो हात वर यायचा, तसाच आला. आणि खाली झाला.

सेनेतीनं शिसं सोडलं. ते वर गेलं, खाली आलं, आणि पहिली फेरी पुरी होताच तिच्या गळ्यातून खणखणीत आलं, "तोलू!"

तोलू म्हणजे तीन.

आता हे सांगायला हवं. आमच्या चर्चमध्ये गाणं आकड्यांनी लिहितात, पण पहिला सूर एकवर नसतो. आपण जिथे सा म्हणू, तिथे ही मंडळी तोलू म्हणतात, तीन. रे म्हणजे फा, चार. ग म्हणजे निमा, पाच. असं चढत जाऊन नि म्हणजे हिवा, नऊ. एक-दोन कुठे गेले विचारलं तर म्हातारी माणसं सांगतात, ते गळ्याला बसत नाहीत. बोलायला लागल्यापासून पोरांच्या कानावर हीच चढण पडते, तोलू, फा, निमा. मास्तरांचा हात पडला की या बेटावरचा कुठलाही गळा तीनपासूनच सुरू होतो.

"फा... निमा... ओनो..." सेनेती मोजत होती. आवाज स्थिर, लय पक्की. खिडक्यांतली माणसं नकळत माना डोलवत होती. कुणालाच काही खटकलं नाही. खटकणार कसं? सगळे याच चढणीवर लहानाचे मोठे झालेले.

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. आम्ही नाटकवाले एका माणसाला फार मानतो, विंगेत बसून विसरलेलं वाक्य हळूच पुरवणारा. नट अडकलाय, वाक्य ओठांवर आहे, आणि याच्या तोंडात कुणी बोळा कोंबलाय, असं दृश्य मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ते त्या दिवशी पाहिलं.

"...वालू, हिवा, होंगोफुलू!" दहा. तिनं घड्याळ दाबलं.

आठ सेकंद.

फळ्यावर दहा होते.

सेनेती घड्याळाकडे बघत राहिली. बाई पुढे आल्या, पण आधी मास्तरांसमोर थांबल्या. "मास्तर, तो हात कसला?"

मास्तरांनी मान हलवली.

"मी पाहिला. तुम्ही खूण केलीत. कसली खूण होती?"

बोलायची बंदी आणि विचारतात काय! मास्तरांनी दोन्ही हात पसरले, नाही नाही असं काहीतरी दाखवलं. बेटावर इतका वाईट मूकाभिनय कुणी कधी केला नसेल.

"हात चटईत खोचा," बाई म्हणाल्या.

इथे पुरुष मान म्हणून कमरेला चटई गुंडाळतात, त्या चटईत मास्तरांनी मनगटापर्यंत हात खोचले आणि लहान मुलासारखे उभे राहिले. पेसी आत्या खिडकीतून ओरडल्या, "अहो, हात बांधले तर तो श्वास कशानं घेईल?"

"नाकानं, आत्याबाई." मग सेनेतीकडे वळून बाई जरा मऊ झाल्या. "घाबरू नकोस. हात हलला असेल, घड्याळ दाबायला उशीर झाला असेल. चुका होतात. साधारण जुळलं म्हण आणि मोकळी हो."

ही दया होती की सापळा, मला आजही सांगता येणार नाही. सेनेतीच्या आईनं खिडकीतून जोरजोरात मान डोलावली, म्हण गं बाई, जुळलं म्हण.

सेनेती म्हणाली, "नाही जुळलं, बाई. दोनाचा फरक आहे. दहात दोन म्हणजे साधारण नाही होत."

"बरं." बाईंनी स्प्रिंग बोटांत धरली, हुंगली. "खोबरेल. म्हणजे गंजते. बेटावरची साधनं भरवशाची नाहीत, हेच मला वर सांगावं लागेल. दुसरं काय सांगू?"

वर्ग जातो कसा ते आता सगळ्यांना दिसत होतं. या एका वाक्यानं जात होता.

"स्प्रिंग खराब नाहीये," सेनेती म्हणाली. आवाज इतका बारीक की बाईंना पुढे वाकावं लागलं.

"कशावरून?"

"दुसरं वजन लावून बघते."

मोठं शिसं लावलं. पुन्हा ताण मोजला, पुन्हा फळा. या वेळी दहा फेऱ्यांना बारा सेकंद यायला हवेत. तिनं ओढलं, सोडलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते. हात चटईत होते, वर कुणी हात केला नव्हता. पण गळ्यानं एकदा धरलेली वाट सहजी सुटत नाही.

"तोलू... फा... निमा..."

मास्तरांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. सेनेतीला ते दिसलं असतं तर बरं की वाईट, देव जाणे. ती शिशाकडे बघत होती. होंगोफुलूला घड्याळ थांबलं तेव्हा काटा साडेनवाच्या थोडा पुढे होता.

"बारा हवे होते," बाई म्हणाल्या आणि घड्याळ टेबलावर ठेवलं. "पोरी, पुरे. तुझा दोष नाही यात."

बाई दाराकडे वळल्या. सेनेतीची आई खिडकीतच खाली बसली. मास्तरांनी डोळे उघडले, आणि मला वाटलं, आता हा माणूस बोलणार. बोलला असता तर बाई तडक विमानाला गेल्या असत्या. ते बोलले नाहीत. माझ्या ओळखीतले भले भले नट त्या जागी कोसळले असते.

"थांबा ना, बाई," सेनेती म्हणाली.

ती फळ्यासमोर उभी होती. पाठ सगळ्यांकडे. दहाच्या जागी आठ, बाराच्या जागी साडेनऊ आणि थोडं. तिनं भागाकार केला. पुन्हा केला.

"दोन्ही वेळा पाचवा हिस्साच कमी पडलाय," ती म्हणाली. बोलत होती फळ्याशी, म्हणून बहुधा गाठ सुटली होती. "माझा हात हलला असता तर एकदा कमी, एकदा जास्त आलं असतं. खराब स्प्रिंग इतक्या शिस्तीत खोटं नाही बोलणार."

बाई दारातच थांबल्या. "मग घड्याळ?"

"तुमच्या मनगटावरच्या घड्याळाशी लावून बघू या."

दोन्ही घड्याळं शेजारी धरली. दोन्ही बरोबर चालली. तेवढा वेळही फार मोठा वाटला बुवा, टेबलाभोवती माणसं दाटली होती आणि कुणी हलत नव्हतं.

"स्प्रिंग बरोबर, घड्याळ बरोबर," सेनेती म्हणाली. "आता उरले मी."

तिनं खडू घेतला. शिसं ओढून सोडलं, आणि या वेळी प्रत्येक फेरीला तोंडानं आकडा आणि फळ्यावर एक उभी रेघ. "तोलू," रेघ. "फा," रेघ. होंगोफुलूला थांबली. मग बोटानं एकेक रेघ मोजू लागली, सावकाश, बाजारात मासे मोजतात तशी, "ताहा, उआ, तोलू, फा..." एक, दोन, तीन, चार. आठव्या रेघेवर बोट थांबलं. पुढे फळा रिकामा होता.

ती त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. मग तिनं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

खिडकीतून पेसी आत्यांचा आवाज फुटला, "अगं माझे बाई! पोरीनं गाण्यातल्या तोलूपासून मोजलं गं!"

मग दाराशी कुणीतरी हळूच म्हणालं, तोलू, फा, निमा... आणि हसण्याचा असा लोट उठला की तुळईवरची स्प्रिंग थरथरली. लोक एकमेकांच्या पाठी बडवत होते. आम्हीपण ऐकलं की रे! आम्हालापण कळलं नाही! सेनेती मात्र हसत नव्हती. ती बाईंकडे बघत होती.

बाई हसत नव्हत्या. त्यांनी हात वर केला, गलका थांबला.

"चूक ती चूक," त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

"पुन्हा कर. सोडताना काय म्हणायचं?"

"नोआ." शून्य.

"म्हण मग."

तिनं शिसं ओढलं. आता तिची नजर कुणावरच नव्हती. "नोआ," म्हणून सोडलं. "ताहा. उआ. तोलू." एरवी गोड वाटणाऱ्या त्या आवाजात आता सूर मुळीच नव्हता, चटईच्या पात्या मोजाव्यात तसे सरळ आकडे. दहाला थांबली. दहा सेकंद, वर किंचित. मोठं शिसं लावलं. बारा, वर किंचित.

"हा किंचित कुठून आला?" बाईंनी विचारलं.

"स्प्रिंगचं स्वतःचं थोडं वजन असतं, बाई. तेही नाचतं. आपण गणितात ते धरलं नाही."

बाई बाकावर बसल्या. पहिल्यांदाच बसल्या होत्या. कपाळ पुसलं. "मीही मनात मोजत होते," त्या म्हणाल्या. "पहिल्या वेळेला. माझेही दहाच झाले होते."

खिडकीत हलकी खसखस झाली. आत्यांनी विचारलं, "कुठल्या चर्चात गाता हो?"

"वर्गाचं बोलू आधी." बाई मास्तरांकडे वळल्या. "वर्ग इथेच राहील. आपली चूक आपण हुडकणारी मुलगी मला मोठ्या बेटावरही रोज भेटत नाही. पण एक अट. इथे प्रात्यक्षिकाची परीक्षा असेल तेव्हा तुम्ही खोलीत थांबायचं नाही. खोलीत नाही, दारात नाही, खिडकीत नाही. तुमचा हात वर गेला की या बेटावर कुणीही तीनपासून सुरू करतं. मीसुद्धा केलं."

ती अट मास्तरांनी निवृत्त होईपर्यंत पाळली. दर परीक्षेला ते धक्क्यावर जाऊन शाळेकडे पाठ करून बसत. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायला गेलं तर ओळख दाखवत नसत. मी एकदा शेजारी जाऊन बसलो होतो. दोन होड्या आल्या, दोन गेल्या. मग परीक्षा संपल्याची घंटा झाली तसे उठले आणि पोरांकडे जवळजवळ पळत गेले. त्यांच्या हाताखालून पुढे किती मुलं गेली याचा हिशेब मी ठेवला नाही. सेनेती मोठ्या बेटावर शिकायला गेली, पण ते नंतर, आणि तिच्या मर्जीनं.

त्या दुपारी मात्र वर्ग राहिला हे कळल्यावर लोकांनी जो कल्ला केला, त्यात बाईंचं "आता जेवू या" हे वाक्य बुडून गेलं. सेनेतीच्या आईला रडू आवरत नव्हतं. आत्या खिडकीतून पाय टाकून आत उतरल्या, या वयात. मास्तर मात्र भिंतीशी होते तसेच उभे, हात अजून चटईत.

"अरे, बोल की आता!" आत्या म्हणाल्या. "सोडलंय तुला बाईंनी. निकाल दिलाय. काय म्हणतोस?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. आता काहीतरी जंगी येणार, देवाचे आभार, निदान एखादी तान. मास्तरांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला.

"सेनेती," ते म्हणाले, "ते मोठं शिसं उतरव. स्प्रिंग अशी ताणून ठेवायची नाही, बाळ. ती ताणलेलीच राहते मग."